नोकरी सुटल्यावर हातीं येणारा पैसा आणि प्राप्तिकर

नोकरी सुटली म्हणजे पगार थांबतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच सुमारास घरांत एक मोठी रक्कमहि येते, आणि कित्येक कुटुंबांत एवढी रक्कम एका वेळीं पूर्वीं कधींच आलेली नसते. शेवटच्या महिन्याचा पगार, नोटिशीच्या मुदतीचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, कामावरून कमी केल्याबद्दलची नुकसानभरपाई, प्रॉव्हिडंट फंड, आणि कंपनी उदार असली तर वर कांहीं सानुग्रह रक्कम. हें सगळें थोड्याफार दिवसांच्या अंतरानें एकाच बँकखात्यांत जमा होतें. खात्याच्या पुस्तकांत तें एकजीव दिसतें. त्याच्या भरंवशावर घराचे हप्ते, मुलांच्या फिया आणि पुढची नोकरी लागेपर्यंतचा वाणसौदा यांचा हिशेब मांडला जातो. प्राप्तिकराच्या कायद्याला मात्र हा पैसा एकजीव दिसत नाहीं. त्यांतील एका रकमेला कर मुळींच नाहीं, दुसरीला ठराविक मर्यादेपर्यंत नाहीं, आणि तिसरीला पहिल्या रुपयापासून आहे. हा भेद ज्यानें वेळीं ओळखला नाहीं, त्याची सहा महिन्यांची म्हणून बांधलेली शिदोरी चार महिन्यांतच सरते.

या भेदाचें मूळ समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यांत, १९३९ च्या दुरुस्तीनंतर, मालकाकडून नोकराला मिळणाऱ्या कित्येक रकमा "पगाराऐवजीं झालेला लाभ" या नांवाखालीं करास पात्र धरल्या जात. परंतु जी रक्कम केवळ नोकरी गेल्याची भरपाई म्हणून दिली असेल आणि मागें केलेल्या कामाचा मोबदला म्हणून दिलेली नसेल, ती या व्याख्येंतून वगळलेली होती. त्यामागचा विचार साधा आणि घरगुती होता. गवळ्याच्या दुधाच्या पैशावर सरकारनें कर घ्यावा, हें रास्त. पण गायच मेली आणि तिची भरपाई मिळाली, तर ती भरपाई म्हणजे दूध नव्हे. नोकरी ही गाय आणि पगार हें दूध, असा तो हिशेब होता. १९५५ च्या वित्त कायद्यानें हा अपवाद काढून टाकला. त्या वर्षापासून नोकरी संपतांना किंवा तिच्या अटी बदलतांना मालकाकडून मिळणारी भरपाई ही पगाराच्याच पंक्तीला बसली. १९६१ च्या कायद्यानें तेंच धोरण पुढें चालविलें, आणि १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख, त्या २०२५ च्या नव्या कायद्यानेंहि कलमांचे आंकडे आणि मांडणी बदलली, पण हें धोरण बदललें नाहीं. तेव्हां "नुकसानभरपाई" हा शब्द ऐकून तिच्यावर कर नसावा असें समजणें हें सत्तर वर्षें जुन्या कायद्यावर विसंबणें होय.

थोडक्यांत, करपात्रता हा नियम आहे आणि माफी हा अपवाद. अपवाद पुष्कळ आहेत. पण प्रत्येकाचा दरवाजा निराळा, आणि प्रत्येक दरवाजावर निराळी अट लिहिलेली आहे.

त्यांतला कामगारवर्गाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा अपवाद कामगारकपातीच्या भरपाईचा. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यांत १९५३ सालीं एक नवें प्रकरण घालण्यांत आलें. कामगाराला कमी करावयाचें तर त्यानें केलेल्या नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाबद्दल १५ दिवसांचें सरासरी वेतन त्याला दिलें पाहिजे, आणि शेवटीं सहा महिन्यांहून अधिक तुकडा उरला तर तोहि एक वर्ष धरला पाहिजे, असें त्यांत ठरलें. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं औद्योगिक संबंध संहिता लागू झाल्यावर मागें पडला. परंतु १५ दिवसांचें हें माप संहितेनेंहि कायम ठेवलें. प्राप्तिकराचा कायदा याच मापाचा आधार घेतो. प्रत्यक्ष मिळालेली भरपाई, वरील मापानें निघणारी रक्कम आणि ५ लाख रुपये या तिहींत जी लहान, तेवढीच माफ. ५ लाखांचा आंकडा १ जानेवारी १९९७ पासूनच्या कामगारकपातीला लागू झाला. त्यापूर्वीं मर्यादा ५० हजारांची होती. इतक्या वर्षांत रुपयाची किंमत केवढी घसरली आणि हा आंकडा मात्र जागचा हलला नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या सवलतीचें खरें वजन कळतें.

येथें एक फसगत फार वेळां होते, म्हणून उदाहरण घ्यावें. एका कारखान्यांतील तंत्रज्ञाचें वेतन महिना ३०,००० रुपये आहे आणि नोकरी १४ वर्षें ८ महिने झाली आहे. आठ महिन्यांचा तुकडा वर्ष धरून नोकरी १५ वर्षांची ठरते. १५ दिवसांचें वेतन म्हणजे १५,००० रुपये. पंधरा वर्षांचे २,२५,००० रुपये. कंपनीनें मन मोठें करून त्याला ५ लाख रुपये दिले. मर्यादा ५ लाखांची, रक्कमहि ५ लाखांची, तेव्हां सारी माफ, असें घरीं सगळ्यांना वाटतें. पण माफ होतात ते २,२५,००० रुपयेच. उरलेले २,७५,००० रुपये त्या वर्षाच्या पगारांत मिळविले जातात. ५ लाख हें छत आहे, दान नव्हे. मालकानें कायद्याहून अधिक दिलें तर त्या अधिकावर कर बसतो. कायदा औदार्याला नव्हे, हक्काला माफी देतो.

याच तंत्रज्ञाच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब केला तर आंकडा निराळा येतो, आणि तो कां निराळा येतो हेंहि पाहण्यासारखें आहे. ग्रॅच्युइटीसुद्धां वर्षाला १५ दिवसांच्याच वेतनाची. पण तेथें महिना २६ दिवसांचा धरून भागाकार करावा, असें कायद्यांतच म्हटलें आहे. ३०,००० ला २६ नें भागून १५ नें आणि मग पंधरा वर्षांनीं गुणलें कीं २,५९,६१५ रुपये होतात. कामगारकपातीच्या भरपाईला मात्र हा २६ चा भाजक लागत नाहीं, तेथें १५ दिवस म्हणजे अर्ध्या महिन्याचा पगार, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें आहे. एकाच माणसाचें, एकाच वेतनाचें, एकाच पंधरा वर्षांचें गणित. पण दोन कायद्यांचीं दोन पंचांगें.

आतां ही भरपाईची माफी मिळते ती "कामगारा"ला. आणि कामगार कोण, या प्रश्नावर कोर्टांतून कागदांचे डोंगर झालेले आहेत. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा यांत येत नाहीं; देखरेखीचें काम करणारा ठराविक वेतनापलीकडे येत नाहीं. औद्योगिक संबंध संहितेनें ही वेतनाची रेषा १८,००० रुपयांवर आंखली आहे. परंतु ही रेषा देखरेख करणाऱ्यांसाठीं आहे, साऱ्यांसाठीं नव्हे. जो स्वतःच्या हातानें किंवा स्वतःच्या तांत्रिक ज्ञानानें काम करतो, ज्याच्या हाताखालीं कोणी नाहीं आणि ज्याला रजा मंजूर करण्याचाहि अधिकार नाहीं, त्याचें वेतन अधिक असलें तरी तेवढ्यावरून तो कामगार नाहीं असें म्हणतां येत नाहीं. हुद्द्याच्या नांवाला येथें किंमत नाहीं. अलीकडे कचेऱ्यांतून "मॅनेजर" ही पदवी इतकी मुक्तहस्तानें वाटली जाते कीं, तिच्यामागें एकहि माणूस सांभाळावयाचा नसतो. अशा पदवीधारकानें आपण रोज प्रत्यक्ष काय काम करीत होतों, याचा विचार करून मगच ही सवलत सोडावी किंवा मागावी. ती मागितली तर प्राप्तिकर अधिकारी प्रश्न विचारणारच. त्या वेळीं नेमणुकीच्या पत्रापेक्षां कामाचे कागदच अधिक बोलतात.

यापेक्षांहि नाजूक गोष्ट नोकरी सोडल्याच्या कागदाची आहे. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं माणसाला कमी केलें जात नाहीं. त्याला खोलींत बोलावून राजीनामा लिहून देण्यास सांगितलें जातें. त्यामागें एक समजूत असते कीं राजीनामा दिला म्हणजे पुढील नोकरीच्या वेळीं अब्रू राहते. अब्रूचा प्रश्न ज्याचा त्यानें ठरवावा. पण त्या एका ओळीची किंमत रुपयांत किती, हें सहीपूर्वीं पाहिलें पाहिजे. राजीनामा हा स्वेच्छेचा मानला जातो. कामगारकपात झालीच नाहीं असें कागद बोलूं लागला, तर कामगारकपातीच्या भरपाईची माफी कशी मागणार? कंपनीनें दिलेली रक्कम मग निव्वळ सानुग्रह म्हणून उरते. आणि ज्याची नोकरी पांच वर्षांच्या आंतली आहे, त्याला या ओळीचा फटका प्रॉव्हिडंट फंडांतहि बसतो.

प्रॉव्हिडंट फंडाचा नियम असा. सतत पांच वर्षें नोकरी झाल्यावर फंडाचे पैसे काढले तर त्यांवर कर नाहीं. पांच वर्षांच्या हिशेबांत पूर्वीच्या मालकाकडील नोकरीहि धरतात, मात्र तेथील शिल्लक नव्या खात्यांत वळविलेली असली पाहिजे. जुनें खातें तसेंच पडूं दिलें तर तीं वर्षें हिशेबांत येत नाहींत. पांच वर्षांपूर्वीं काढलेल्या पैशांत मालकाची वर्गणी आणि तिच्यावरील व्याज पगार म्हणून करपात्र होतें, नोकराच्या स्वतःच्या वर्गणीवरचें व्याज इतर उत्पन्न म्हणून करपात्र होतें, आणि रक्कम ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक असली तर देतांनाच १० टक्के कापून घेतले जातात. परंतु याला एक मोठा आणि फारसा माहीत नसलेला अपवाद आहे. प्रकृति बिघडल्यामुळें, मालकाचा धंदा आकसल्यामुळें किंवा बंद पडल्यामुळें, अथवा नोकराच्या स्वाधीन नसलेल्या अन्य कारणामुळें नोकरी संपली असेल, तर पांच वर्षें पुरीं झालेलीं नसतांहि फंडाचे पैसे करमुक्त राहतात. धंदा कमी झाला म्हणून ज्यांना घरीं पाठविलें जातें, अशा तरुण नोकरांसाठींच जणूं ही तरतूद लिहिलेली आहे. पण तिचा लाभ घ्यावयाचा तर "आमच्या मंदीमुळें ही जागा रद्द करण्यांत येत आहे" असा मजकूर असलेलें पत्र हातीं लागतें. "व्यक्तिगत कारणास्तव राजीनामा" या तीन शब्दांनीं तो दरवाजा बंद होतो. फंडाच्या कचेरीकडे नोकरी सुटल्याचें कारण कंपनीच नोंदविते. तें कारण पत्राशीं जुळतें कीं नाहीं, हेंहि पाहून ठेवलेलें बरें.

फंडाविषयीं आणखी एक. काहीं जण नोकरी सुटल्यावर पैसे न काढतां तसेच ठेवतात. व्याजदर चांगला असतो, आणि तें शहाणपणाचेंहि असतें. परंतु नोकरी सुटल्यानंतरच्या काळांत त्या शिल्लकेवर चढणारें व्याज करपात्र आहे, असा निर्णय बंगळूर येथील प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणानें २०१७ सालीं दिला आहे. नोकरी असेतोंवरचें व्याज निराळें आणि नंतरचें निराळें.

स्वेच्छानिवृत्तीची गोष्ट स्वतंत्र आहे. मुंबईंतील कापडगिरण्यांपासून बँकांपर्यंत आणि भारत संचार निगमापर्यंत हा शब्द मराठी घरांतून चांगलाच परिचयाचा झाला आहे. भारत संचार निगमाच्या २०१९ च्या योजनेंत तर देशभर ७८ हजारांहून अधिक नोकर एकदम निवृत्त झाले. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेंतहि ५ लाखांपर्यंत माफी आहे, आणि येथें कामगार कीं अधिकारी हा भेद नाहीं. पण योजना नियमांत बसणारी असावी लागते. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांत या अटी घालण्यांत आल्या : खाजगी कंपनींत १० वर्षें नोकरी किंवा ४० वर्षें वय पुरें झालेलें असावें, योजना सर्व नोकरांस खुली असावी, संख्या खरोखर कमी होत असावी, रिकामी जागा पुन्हा भरूं नये, आणि निवृत्त होणारानें त्याच व्यवस्थेच्या दुसऱ्या कंपनींत नोकरी धरूं नये. रक्कमहि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षास तीन महिन्यांचा पगार, किंवा निवृत्तीस उरलेल्या महिन्यांचा पगार, यांच्या मापापलीकडे जाऊं नये. आणि ही माफी जन्मांत एकदांच मिळते. पहिल्या कंपनींत एक लाखासाठीं ती वापरली, तर दुसऱ्या कंपनींतले पांच लाख कराखालीं गेले असें समजावें.

ग्रॅच्युइटी आणि रजेचा पगार यांबद्दल फार बोलावयास नको. खाजगी नोकराला ग्रॅच्युइटींत २० लाखांपर्यंत माफी आहे, तीहि साऱ्या नोकऱ्यांत मिळून. सरकारी नोकराला ती सर्वच माफ. कायम नोकराला ती हक्कानें मिळण्यास पांच वर्षें लागतात. मुदतबंद नेमणुकीवरील नोकराला मात्र सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यापासून, म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ पासून, एका वर्षाच्या नोकरीवरहि हक्क मिळाला आहे. रजेच्या पगाराची मर्यादा २००२ पासून ३ लाख होती, ती १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली. मात्र माफीचा हिशेब मूळ पगार आणि महागाईभत्ता यांवर होतो. पुण्याच्या हिंजवडींतील एखाद्या कंपनीनें ४० दिवसांची रजा एकूण १,५०,००० च्या पगारावर मोजून २ लाख रुपये दिले, आणि मूळ पगार ७५,००० असला, तर माफी १ लाखापुरतीच. नोकरी चालूं असतांना घेतलेल्या रजेच्या पैशाला ही सवलत मुळींच नाहीं.

नोटिशीच्या मुदतीऐवजीं मिळालेला पगार हा निखालस करपात्र आहे. त्यांत वाद नाहीं. बोनस, थकबाकी, उचलून दिलेले भत्ते यांचेंहि तसेंच. सानुग्रह रकमेबद्दल थोडा वाद आहे. मालकावर कोणतेंहि बंधन नसतां त्यानें निव्वळ आपखुषीनें दिलेली रक्कम ही भरपाई नव्हे आणि पगारहि नव्हे, असे निर्णय कांहीं न्यायालयांनीं आणि न्यायाधिकरणांनीं दिले आहेत. परंतु २००१ च्या वित्त कायद्यानें नोकरी धरण्यापूर्वीं किंवा सुटल्यानंतर मालकाकडून मिळालेली रक्कम करपात्र धरण्याची तरतूद अधिक रुंद केली, आणि बहुतेक कंपन्या धोका न पत्करतां कर कापूनच पैसे देतात. ज्याला वाद घालावयाचा असेल त्यानें जाणत्या सल्लागाराच्या मदतीनें घालावा. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. तसेंच, कंपनीकडून घेतलेलें कर्ज अंतिम हिशेबांत वळतें करून घेतलें, तर हातीं पडणारी रक्कम कमी होते, कर मात्र पूर्ण रकमेवरच लागतो. हें पुष्कळांना अन्याय वाटतें. पण विचार केला तर त्यांत गैर कांहीं नाहीं, कर्ज फेडणें हा खर्च नव्हे.

आतां सर्वांत व्यावहारिक प्रश्न : हे पैसे कोणत्या वर्षांत धरावयाचे? त्याच पुण्याच्या नोकराचें उदाहरण पुढें नेऊं म्हटलें तर चित्र असें दिसतें. महिना दीड लाख पगार, सप्टेंबरअखेर नोकरी गेली. सहा महिन्यांचा पगार ९ लाख झाला, आणि तो कामगार ठरत नसल्यामुळें चार महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई ६ लाख, ती सर्व करपात्र. एकूण १५ लाख, त्यांतून ७५,००० ची सरसकट वजावट जाऊन १४,२५,००० उरले. २०२५-२६ सालासाठीं नव्या पद्धतींत जे दर ठरले त्यांप्रमाणें कर ९३,७५० रुपये, आणि ४ टक्के उपकर धरून ९७,५०० रुपये. कंपनीनें वर्षभराचा पगार १८ लाख होईल असें धरून दरमहा कर कापला असेल, तर सहा महिन्यांत ७५,४०० रुपये आधींच गेलेले असतात. शेवटच्या हिशेबांत आणखी २२,१०० जातात.

हीच ६ लाखांची भरपाई पुढच्या करवर्षांत देय झाली असती, आणि त्या वर्षीं त्याला दुसरें कांहीं उत्पन्न नसतें, तर काय झालें असतें? पहिल्या वर्षीं ८,२५,००० वर सवलतीमुळें कर शून्य, आणि कापून घेतलेले ७५,४०० परत. दुसऱ्या वर्षींहि कर शून्य. एवढा फरक निव्वळ तारखेनें पडतो. तरी यावरून कोणी चेक उशिरा वटवून कर वांचवूं पाहील तर तें साधणार नाहीं. पगार आणि पगाराच्या पंक्तीचे लाभ देय होण्याच्या किंवा प्रत्यक्ष मिळण्याच्या तारखेला, यांपैकीं जी आधीं येईल तिला धरले जातात. कंपनीनें कबूल केलेल्या कागदावर भरपाई ३० सप्टेंबरला देय असें लिहिलें असेल, तर ती एप्रिलमध्यें घेऊनहि उपयोग नाहीं. बोलणें करावयाचें तें कागद होण्यापूर्वीं. फेब्रुवारी-मार्चमध्यें नोकरी सुटणाऱ्याला या बोलण्यांत अर्थ आहे. भरपाईचा एक हप्ता एप्रिलमध्यें देय ठरविण्यास कित्येक कंपन्यांची हरकत नसते, कारण त्यांना त्यांत तोटा नसतो. शेवटचा पगार मात्र असा लांबवितां येत नाहीं; वेतन संहितेप्रमाणें नोकरी संपल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत तो चुकता करावा लागतो.

एकाच वर्षांत मोठी रक्कम कोसळल्यामुळें करदाता वरच्या दरांत ढकलला जातो, ही अडचण कायदेकर्त्यांनाहि माहीत होती. म्हणून त्यांनीं दिलासा ठेवला आहे. किमान तीन वर्षें सलग नोकरी झाली असेल आणि उरलेली मुदतहि तीन वर्षांहून कमी नसेल, तर करपात्र भरपाईचा एकतृतीयांश भाग मागील तीन वर्षांपैकीं प्रत्येकांत घालून पाहतात, त्या तीन वर्षांचा सरासरी दर काढतात, आणि चालूं वर्षाचा दर त्याहून अधिक असला तर तेवढा फरक माफ करतात. हा दिलासा कोणाला मिळतो, हें नीट समजून घ्यावें. ज्याचा पगार लहान, नोकरी दीर्घ आणि भरपाई मोठी, त्याच्या कामाचा हा नियम आहे. वरील पुण्याच्या नोकराला त्यापासून कांहीं मिळणार नाहीं. त्याचीं मागील वर्षें पूर्ण पगाराचीं, म्हणून अधिक दराचीं होतीं. शिवाय स्वेच्छानिवृत्तीची ५ लाखांची माफी घेतली तर त्याच रकमेवर हा दिलासा घेतां येत नाहीं, दोहोंपैकीं एक. दिलाशासाठीं विवरणपत्राबरोबर वेगळा अर्ज भरावा लागतो. १९६१ च्या कायद्याखालीं तो १०-ई या नांवानें ओळखला गेला. तो अर्ज न भरतां विवरणपत्रांत नुसता आंकडा घातल्यानें पुष्कळांचा दिलासा नाकारला गेलेला आहे.

ग्रॅच्युइटी, रजा, कामगारकपात आणि स्वेच्छानिवृत्ति या चारहि माफ्या कमी दरांच्या नव्या पद्धतींतहि चालूं राहिल्या आहेत. त्या मिळाव्यात एवढ्यासाठीं जुन्या पद्धतीकडे जाण्याची गरज नाहीं. ही शंका वारंवार येते म्हणून येथें नोंदली.

ज्यांचीं मुलें इंग्लंडांत नोकरीस आहेत, त्यांना तिकडची व्यवस्था ऐकून नवल वाटेल. तेथें जागा रद्द झाल्यामुळें मिळणारी खरी भरपाई ३०,००० पौंडांपर्यंत करमुक्त आहे, मग तो कामगार असो वा अधिकारी. नोटिशीऐवजीं मिळणारा पगार मात्र तेथेंहि करपात्र. एप्रिल २०१८ पासून त्याचें माप कायद्यानें बांधून दिलें आहे, कारण त्यापूर्वीं कांहीं मालक तो पैसाहि भरपाईच्या नांवाखालीं खपवीत.

शेवटचा मुद्दा नवी नोकरी लागल्यावरचा. त्याच वर्षांत दुसरीकडे काम मिळालें, तर नव्या मालकाला जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील द्यावा. तो न दिल्यास नवा मालक वर्षाची सुरुवात आपल्यापासूनच झाली असें समजून सूट आणि ७५,००० ची वजावट पुन्हा देतो. दोन्ही मालक मिळून कमी कर कापतात, आणि जुलैमध्यें विवरणपत्र भरतांना फरक व्याजासह भरावा लागतो. उलट वर्षभर दुसरें काम मिळालेंच नाहीं, तर जादा कापलेला कर विवरणपत्र भरल्याशिवाय परत येत नाहीं. उत्पन्न करपात्र मर्यादेखालीं राहिलें म्हणून विवरणपत्र भरूं नये, असा विचार अशा वेळीं महाग पडतो. जुन्या कंपनीकडून कर कापल्याचें प्रमाणपत्र, जें फॉर्म १६ या नांवानें घरोघर ठाऊक आहे, तें, अंतिम हिशेबाचा तक्ता आणि नोकरी सुटल्याचें पत्र, हे तीन कागद कंपनीचें दार बंद होण्यापूर्वींच मागून घ्यावेत. कंपनी स्वतःच बुडाली तर ते मागण्यास तेथें कोणी उरत नाहीं.